वावरातल्या दगडांच्या वर्तुळांची सातबाऱ्यावर नोंद करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी नागपूरचा, भूमी अभिलेख खात्यातून रिटायर झालेला भूकरमापक. लोकांची वावरं मोजण्यात अख्खी नोकरी गेली, आधी साखळी ओढली, मग टेबल अन् फळी, शेवटच्या वर्षांत सॅटेलाईटवर चालणारं रोव्हर हातात आलं. रिटायर झाल्यावर मोजणीची सवय काही सुटेना म्हणून गेली काही वर्षं आम्ही चारपाच जण, त्यात एक शाळामास्तर आहेत, दोन कॉलेजची पोरं आहेत, दर हिवाळ्यात नागपूरच्या आजूबाजूच्या गावांमधून फिरतो आणि जुनी दगडांची वर्तुळं मोजून कागदावर उतरवतो. हे पत्र त्यासाठीच लिहितोय, थोडं लांबेल, पण सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी कळमेश्वर तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी तिथं बरडावर, म्हणजे मुरमाड पडीक जमिनीवर, एक वर्तुळ आम्ही मोजलं होतं, उत्तर दक्षिण १४ मीटर २० सेंटीमीटर, पूर्व पश्चिम १३ मीटर ८५, कडेला ३८ गोटे, त्यातले चार आडवे पडलेले, मधला भराव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा गुडघाभर वर. आता तिथं काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, पोकलेनच्या दातांचे ओरखडे अन् मुरमाचा खड्डा. मुरूम जवळच्या लेआऊटच्या रस्त्यावर पडला आणि गोटे कुठं गेले ते ट्रॅक्टरवाल्यालाही नीट सांगता आलं नाही, म्हणाला काही नाल्यात टाकले, काही कंपाउंडच्या पायात गेले. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. सोबतच्या पोराने मोबाईलमधला जुना फोटो काढून समोर धरला तेव्हा मला खरं सांगतो गलबलून आलं.

ज्यांना हे काय आहे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विदर्भात, त्यातही नागपूर जिल्ह्यात, साधारण इसवी सनाच्या हजार वर्षं आधीपासून ते तीनशे वर्षं आधीपर्यंत जे लोक राहत होते ते आपल्या मेलेल्या माणसांसाठी मोठमोठ्या दगडांचं गोल रिंगण करायचे, आत अस्थी, मडकी, हत्यारं, दागिने ठेवायचे आणि वरून काळी चिकणमाती, मुरूम, दगडगोटे यांचा भराव करायचे. अभ्यासक त्याला महापाषाण संस्कृती किंवा शिळावर्तुळं म्हणतात. गावात विचाराल तर नुसते गोटे. पण ही थडगी आहेत. कुणाच्या तरी आईबापांची, लेकरांची.

आणि आत काय सापडलं ते पाहिलं तर माणूस थक्क होतो. माहुरझरीला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव सरांनी १९७० च्या सुमारास खणलं तेव्हा माणसासोबत घोडे पुरलेले निघाले, आणि त्या घोड्यांच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने, लोखंडी लगाम. पुढं २००१ नंतर डेक्कन कॉलेजने तिथंच उत्खनन केलं आणि दिसलं की हे गाव मणी बनवणाऱ्यांचं होतं, अकीक, गारगोटी, तांबूस कार्नेलियन, त्यावर पांढरी नक्षी केलेले मणी. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, मातीच्या वळवलेल्या विटांची. तिथल्या काळाचा अंदाज इसवी सनापूर्वी सातवं सहावं शतक असा आहे. म्हणजे बुद्धाच्या आधी किंवा त्याच काळात आपल्या पेंचेच्या काठावर माणसं लोखंड गाळत होती, कुऱ्हाडी घडवत होती, अन् त्या कुऱ्हाडी त्यांनी आपल्या माणसाबरोबर पुरल्या. टाकळघाटला त्यांची वस्ती सापडली आणि जवळ खाप्याला दफनाची वर्तुळं. हे सगळं नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात आम्हाला मोहेंजोदडो शिकवलं, हे कुणी सांगितलंच नाही.

टाकळघाटवरून आठवलं. नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे, पण ज्यांच्या नावाने ते आहे ते स्टीफन हिस्लॉप कसे वारले हे फार थोड्यांना माहीत असेल. ते स्कॉटलंडचे मिशनरी, पण दगड अन् जीवाश्म यांचा नाद असलेले, इथल्या भूगर्भावर त्यांनी मोलाचं काम केलं. १८६३ च्या सप्टेंबरात ते टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत गेले होते, आणि ४ सप्टेंबरला बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. आज त्या भागात बुटीबोरीची एमआयडीसी आहे, हजारो गाड्या रोज जातात. मी तिथल्या पुलावरून जाताना दरवेळी मनातल्या मनात हात जोडतो.

त्यांच्यानंतर रिव्हेट-कार्नाक नावाचे इंग्रज अधिकारी आले, ते मध्य प्रांतात कापसाचे कमिशनर होते, कापूस बघत बघत गावोगाव हिंडताना त्यांचं लक्ष या वर्तुळांकडे गेलं. काटोल रोडवरच्या जुनापाणीला त्यांनी काही वर्तुळं खणली आणि १८७९ मधे त्यावर लेख छापला. गोट्यांवर वाटीसारखे छोटे छोटे खळगे ओळीने कोरलेले असतात, ते त्यांनी नोंदवले, आणि अशाच खुणा युरोपातल्या दगडांवरही आहेत हे त्यांनी लिहून ठेवलंय. मग स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मधे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी जुनापाणीला पुन्हा उत्खनन केलं. एकट्या जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत. सकाळी सातला उन्ह तिरपं असताना जा, खळग्यांत सावली भरते आणि ओळ एकदम डोळ्यात भरते, दुपारी बाराला तोच गोटा पाहिला तर काहीच दिसणार नाही.

आता आम्ही मोजतो कसं ते सांगतो, कारण कुणाला करावंसं वाटलं तर करता यावं. पहिली गोष्ट म्हणजे आम्ही खणत नाही, एक गोटासुद्धा हलवत नाही, ते काम शिकलेल्या लोकांचं आहे. दुसरं म्हणजे सीझन. पावसाळ्यात अन् दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं असतं, रिंगणाच्या मधून चालत गेलात तरी कळत नाही. जानेवारीनंतर गवत वाळतं, गुरं चरून जातात, तेव्हा जमीन उघडी पडते. निघण्याआधी घरी कॉम्प्युटरवर उन्हाळ्यातले सॅटेलाईट फोटो पाहतो, बरडावर फिक्या जमिनीत गडद ठिपक्यांचं रिंगण दिसलं की खूण करून ठेवतो. ही वर्तुळं काळ्या सुपीक वावरात कमी, जास्त करून मुरमाड उंचवट्यावर, जवळ नाला किंवा नदी असलेल्या ठिकाणी असतात. पिकाची जमीन जिवंत माणसांना ठेवली आणि बरड मेलेल्यांना दिला असं मला आपलं वाटतं, पुरावा विचाराल तर देता येणार नाही.

तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच की हे खरंच वर्तुळ आहे की शेतकऱ्याने वावर साफ करून टाकलेला ढीग. ढिगात गोटे लहानमोठे कसेही असतात, एकावर एक सैल पडलेले. वर्तुळातले गोटे जवळपास सारख्या मापाचे, एकमेकाला खेटून, आणि मुख्य म्हणजे अर्धे जमिनीत गाडलेले असतात, काळा पाषाण, उन्हापावसाने वरून गुळगुळीत झालेला. मधला भाग पालथ्या परातीसारखा थोडा फुगलेला असतो. कित्येकदा आतली माती बाहेरच्या मुरमापेक्षा काळी असते, कारण ती मुद्दाम दुसरीकडून आणून भरलेली असते, आणि त्यामुळे तिथलं गवतसुद्धा वेगळं उगवतं. हे ओळखायला आम्हाला दोन हिवाळे लागले.

मग फिता लावायचा, एकदा उत्तर दक्षिण, एकदा पूर्व पश्चिम, कारण ही रिंगणं कंपासने काढल्यासारखी अगदी गोल नसतात. गोटे मोजायचे, उभे किती, पडलेले किती, कुठं जागा रिकामी आहे म्हणजे तिथला गोटा कुणी नेलाय का. खळगे असले तर किती, ओळीत की विखुरलेले, आणि वर्तुळाच्या कोणत्या बाजूच्या गोट्यावर, हे नक्की लिहायचं, कारण हे खळगेवाले गोटे ठरावीक दिशांनाच बसवलेत का, त्याचा सूर्य ताऱ्यांशी काही संबंध आहे का यावर अभ्यासकांनी काम केलंय, त्यांना ही माहिती लागते. फोटो काढताना शेजारी मीटरची पट्टी ठेवायची. आणि मोबाईलच्या लोकेशनवर भरवसा ठेवायचा नाही, ते पाच सात मीटर सहज इकडं तिकडं होतं. पहिल्या वर्षी आम्ही जवळजवळ असलेली दोन वर्तुळं एकच समजून एकदाच लिहिली, पुढल्या वर्षी परत गेलो तेव्हा चूक लक्षात आली, तेव्हापासून धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या हद्दीच्या, दगडापासून अंतर घेतो. जुन्या मोजणीवाल्याचा धुऱ्याच्या दगडावर विश्वास असतो, तो ढळत नाही.

आता माझं खरं म्हणणं. या सगळ्या वर्तुळांपैकी काही केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, जुनापाणी आहे, हिंगण्याकडची आहेत, आणखी काही गावं आहेत. त्यांना कायदा आहे, १९५८ चा कायदा, २०१० मधे त्यात दुरुस्ती झाली, भोवती १०० मीटर बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. पण जी यादीत नाहीत ती सरकारी कागदावर मुळी अस्तित्वातच नाहीत. गावनकाशात विहीर दिसते, देऊळ दिसतं, पांधण दिसते, मसणवट दिसते, वर्तुळ दिसत नाही. मी स्वतः नोकरीत असताना अशा कितीतरी वावरांची मोजणी केली असेल जिथं कोपऱ्यात गोट्यांचं रिंगण होतं, आणि मी नकाशात ते दाखवलं नाही, कारण दाखवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं आता फार वाईट वाटतं. मोजणी करणाऱ्यानेच सोडून दिलं तर मुरमाची परवानगी देणाऱ्याला कसं कळणार, अन् पोकलेनच्या ड्रायव्हरला तर त्याहून नाही.

आयर्लंडमधे १८३० ते ४० च्या दशकात सरकारी मोजणी झाली तेव्हा मोजणीवाल्यांनी वावरातली जुनी दगडी थडगी नकाशावर उतरवली, गावातले लोक त्याला जे नाव देत, राक्षसाचं थडगं किंवा कुणाची शेज, त्याच नावाने. स्कॉटलंडमधे तर दगडांच्या ढिगाऱ्याच्या पोटात कोठी, आत जायला बोळ, अशी थडगी आहेत, आपल्यापेक्षा दोन हजार वर्षांहून जुनी, तिथं ऑड्री हेन्शॉल नावाच्या बाईंनी डोंगरदऱ्यांत फिरून ती सगळी पाहिली, मोजली आणि १९६३ अन् १९७२ मधे त्यांचे दोन जाडजूड खंड छापले. आपल्याकडे विदर्भात बहुतेक ठिकाणी कोठी नसते, रिंगण आणि भरावच असतो, पण चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला मोठ्या शिळा उभ्या करून वर छत टाकलेल्या कोठ्या आहेत, आणि कर्नाटकात हिरेबेनकलला अशा शेकडो आहेत, २०२१ मधे ती जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. म्हणजे वारसा आपला कमी नाही, नोंद कमी पडते.

माझी सूचना नवीन कायदा करा अशी नाही. सातबाऱ्यावर पोटखराबाचा रकाना आहेच. त्यात वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, आणि वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामाला राखलेली, रस्ता किंवा पायवाट, लोक वापरतात तो नाला तलाव, आणि कोणत्याही समाजाची दहन किंवा दफनभूमी. आता सांगा, शिळावर्तुळ म्हणजे दफनभूमी नाही तर काय आहे? ज्या समाजाची होती त्याचं नाव आपल्याला माहीत नाही एवढंच. १४ मीटर व्यासाचं वर्तुळ म्हणजे जेमतेम दीड गुंठा जागा. एवढी जागा पोटखराब ब मधे दाखवली, इतर हक्कात 'प्राचीन शिळावर्तुळ' अशी एक ओळ टाकली आणि गावनकाशात एक गोल काढला तर शेतकऱ्याची मालकी जात नाही, सारा वाढत नाही, पण मुरमाची परवानगी मागायला किंवा लेआऊट पाडायला कुणी आला की ती ओळ समोर येते आणि साहेबाला थांबून विचारावं लागतं. आता मोजणी रोव्हरने होते, गावठाणं ड्रोनने मोजून झाली, एका वर्तुळाचे बिंदू घ्यायला दहा मिनिटं लागत नाहीत.

असा अर्ज मी एका कार्यालयात दिला होता, नकाशा, फोटो, गट नंबर सगळं जोडून. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अशा नोंदीची तरतूद आढळत नाही, संबंधित विभागाकडे संपर्क साधावा. संबंधित विभागाकडे गेलो तर म्हणाले ही जागा संरक्षित नाही, महसूलचा विषय आहे. दोन्हीकडचे लोक बोलायला चांगले होते, चहा पाजला, त्यांच्यावर राग नाही. पण मी दोन ऑफिसांच्या मधे हेलपाटे मारत होतो तोवर वर्तुळ गेलं, ते हेच, ज्याबद्दल सुरुवातीला लिहिलं.

शेतकऱ्यांची बाजूही लिहिली पाहिजे. एका आजोबांच्या वावरात दोन सुंदर वर्तुळं आहेत, त्यांनी आम्हाला फिता लावू दिला पण गट नंबर लिहू देईनात. म्हणाले, "भाऊ, तुमी नोंद कराल अन् उद्या सरकार म्हणन का तीनशे मीटर आमचं, मंग मी विहीर कुठं खणू, पोराचं घर कुठं बांधू?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. संरक्षित जागेशेजारी घराला साधी खोली वाढवायची तरी काय त्रास होतो ते लोकांनी पाहिलंय. म्हणूनच मी म्हणतो की प्रत्येक वर्तुळाला तो तीनशे मीटरचा नियम लावू नका, नुसती दीड गुंठ्याची नोंद करा, आणि तेवढ्या जागेचा शेतकऱ्याला वर्षाला काहीतरी मोबदला द्या. या आजोबांच्या घराण्याने आजवर त्या गोट्यांना नांगर लागू दिला नाही, कुणी सांगितलं नव्हतं, तरी. त्यांचे वडील म्हणायचे तिथं कुणीतरी निजलंय.

दुसरा त्रास गुप्तधनवाल्यांचा. कितीतरी वर्तुळांच्या बरोब्बर मधे खड्डा दिसतो, आजूबाजूला लिंबं, कुंकू, फुटलेली खापरं. रात्री येऊन खणतात. भाऊहो, हे लोक ज्याच्यासाठी खणतात ते सोन्याचे हंडे तिथं नसतात हो, मडकी अन् गंजलेलं लोखंड असतं, क्वचित एखादा मणी किंवा बारीक दागिना, आणि त्याचं मोल ते कुठं, किती खोल, कशाशेजारी होतं यात आहे, बाहेर काढलं की संपलं. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, लपवलं तर गुन्हा आहे. आणि म्हणूनच मी वर गावाचं नाव लिहिलं नाही, तिथं पलीकडच्या टेकाडावर अजून तीन वर्तुळं शाबूत आहेत. तरुण पोरांना विनंती की फोटो जरूर काढा पण रील टाकताना लोकेशन टाकू नका.

आपल्या पेपरला एक विनंती. जिल्ह्याच्या पानावर आपण दर आठवड्याला पीकपाणी अन् धरणाचा साठा छापता, तिथंच या उन्हाळ्यात एक छोटी चौकट द्या, आपल्या वावरात गोट्यांचं रिंगण असेल तर हलवण्याआधी तलाठ्याला आणि जवळच्या कॉलेजच्या इतिहास किंवा पुरातत्त्वाच्या सरांना कळवा एवढीच. आमच्याकडची नोंदवही, सगळे नकाशे अन् मापं, आम्ही भूमी अभिलेख किंवा पुरातत्त्वच्या ज्या साहेबाला पाहिजे त्याला फुकट द्यायला तयार आहोत, माझ्या घरी दोन फाईली तयार आहेत, प्रत्येक वर्तुळाला गट नंबर टाकलेला आहे, फक्त त्या आजोबांच्या दोन वर्तुळांपुढे जागा कोरी आहे. मोबदल्याचं काही ठरलं तर त्यांच्याकडे मी स्वतः जाईन.

येत्या रविवारी आम्ही त्या टेकाडावरची तीन वर्तुळं पुन्हा मोजायला जातोय. मुरमाची खदान त्यांच्यापासून मी पावलांनी मोजली तेव्हा एकशे दहा पावलांवर होती.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, नागपूर